तुरीतलं अंतर

नववीच्या वर्गात बावीस वर्षं मी फळ्यावर एकच आकृती काढत आलो आहे. एक घर, एक शेत आणि मधे वाकडीतिकडी रेघ. शेतकरी घरून निघाला, शेताला फेरी मारून घरी आला. जेवढं चालला तेवढं अंतर. निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतची सरळ रेघ, दिशेसकट, म्हणजे विस्थापन. घरीच परत आला, तर विस्थापन शून्य. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, जागेवरच यायचं होतं तर त्यो गेला काहून?" वर्ग हसला. हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही, असं मी म्हणालो. असं म्हटलं की मास्तर सुटतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी माझे वडील सकाळी दहाच्या सुमारास चहा पिऊन घराबाहेर पडले आणि परतले नाहीत. अण्णांचं वय ऐंशीच्या आसपास. वर्षभरापासून ते लहानसहान गोष्टी विसरत होते. चहा घेतला की नाही, गाय सोडली की नाही, असं. माणसं मात्र ओळखत होते. त्या दिवशी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात चहाशिवाय काही नव्हतं. बायकोनं मला एवढंच सांगितलं, "गोळी घेऊन पाच तास झालेत." पुढचं दोघांनाही ठाऊक होतं. साखर उतरली की माणूस बसतो तिथंच पडतो.

मी वहीचं पान फाडलं. म्हातारा माणूस तासाला तीन किलोमीटर चालतो असं धरलं. पाच तास, पंधरा किलोमीटर. घराभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं आणि गावातल्या पोरांना मोटरसायकली देऊन पिटाळलं. दोघं कनेरगाव नाक्याला, दोघं नरसीच्या रस्त्याला, एक वाशिमच्या बाजूला. तेवढ्यात कडक इस्त्रीत माजी सरपंच आले. त्यांनी शोधमोहिमेचं नेतृत्व आपल्याकडं असल्याचं जाहीर केलं आणि गावाच्या ग्रुपवर 'हरवले आहेत' असा फोटो टाकला. त्यात अण्णा लहान होते आणि कोपऱ्यातल्या गोलात हात जोडलेले सरपंच मोठे. पाच मिनिटांत दहा-बारा जणांनी नमस्काराचे हात पाठवले आणि दोघांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

घरामागं आमचंच तुरीचं रान आहे. त्याच्या बांधाला लागून असलेल्या पडीत एक धनगर म्हातारी मेंढरं घेऊन दरवर्षी उतरते. मी तिला मावशी म्हणतो. ती आमची धावपळ बघत बसली होती. मी जवळून जाताना म्हणाली, "गाड्या काहून पळवून राहिले मास्तर? चकवा लागलाय त्याला. चकव्यातला माणूस लांब जात न्हाई. तुरीत बघा."

"मावशी, पाच तास झाले. माणूस पाच तास तुरीत काय करणार?"

"चालंल. दुसरं काय करंल?"

मी हसलो असणार, कारण ती म्हणाली, "हासा. पण आत जायचं तर चपला उलट्या घाला. उजवी डाव्यात, डावी उजव्यात. न्हाईतर तुमी बी तसेच."

चकव्याबद्दल मी वर्गात सांगतो. डोळ्यांना दूरची खूण दिसली नाही की माणूस सरळ चालतोय असं समजून वळत जातो आणि निघाल्या ठिकाणीच येतो. त्यात भूतबीत काही नसतं. चपला नीट घालूनच मी आत शिरलो.

त्या दिवसांत तूर डोक्याच्या वर गेलेली होती. मधलं सोयाबीन काढून झालेलं, त्यामुळे ओळींमधे मोकळे पट्टे होते आणि वरून फांद्या एकमेकींत गेलेल्या. दुपारचे तीन वाजलेले असूनही आत उजेड पिवळट होता, जुन्या बाटलीतून बघावं तसा. वारा नव्हता. तरी उजवीकडं दोन-तीन ओळी सोडून तूर हलली आणि थांबली. मी हाक मारली. परत हलली, पण आता डावीकडं. मी त्या दिशेनं सरळ चालत गेलो, अगदी सरळ, आणि दहा मिनिटांनी बांधावर बाहेर आलो. समोर मावशी बसली होती, होती तिथंच.

तिनं माझ्या पायांकडं पाहिलं.

मी चपला उलट्या घातल्या. आजूबाजूला आमच्या शाळेचं कोणी नाही, एवढं मात्र आधी बघून घेतलं.

उलट्या चपला बोचतात. नीट चालता येत नाही. दर पावलाला खाली बघावं लागतं, आणि खाली बघितलं म्हणून मला ती पावलं दिसली. दोन दिवसांपूर्वी पाणी दिलेलं असल्यानं काळी माती मऊ होती. त्यात अनवाणी पायांचे ठसे. अंगठा बोटांपासून फटकून असलेला, उजवी टाच जरा ओढलेली. ते पाय मी लहानपणापासून दाबले आहेत. एका ठशावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. काही ठिकाणी चार, पाच. एकाच माणसाची एवढी पावलं, सगळी एकाच दिशेनं. परत फिरलेलं एकही नाही.

त्या ठशांच्या मागोमाग गेलो तेव्हा अण्णा दिसले. पाठमोरे, वाकून, जमिनीकडं बघत चालले होते. सदरा घामानं भिजलेला. मी पुढं होऊन दंड धरला, तर ओठ पांढरे पडलेले.

"हळू," ते कुजबुजले. "तो पुढं हाय."

"कोण?"

"ज्याची ही पावलं हायेत त्यो. सकाळपासून येऊन राहिलो त्याच्या मागं. गावाकडंच चाललाय, बराबर. पयले एकटाच होता. आता चौघं-पाचजण झालेत." मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. "तुमी बी त्यांच्याच मागं का, भाऊ?"

अण्णांनी मला कधी तुमी म्हटलेलं नव्हतं.

खिशात लिमलेटच्या गोळ्या होत्या, त्या भरवल्या. थोडा जीव आला तसं त्यांना धरून निघालो. मागं वळून पाहिलं तर त्या ठशांशेजारी माझे ठसे उमटत होते, डाव्या जागी उजवा, उजव्या जागी डावा. ते कोणा माणसाचे वाटत नव्हते. बाहेर आलो तेव्हा घराची मागची भिंत पुरत्या शंभर पावलांवरही नव्हती. घरातून पोळ्यांचा वास येत होता, तो तुरीतही आलाच असणार.

रात्रीपर्यंत डॉक्टर येऊन गेले, धोका टळला. सरपंचांनी ग्रुपवर मोहीम यशस्वी झाल्याचं कळवलं. मावशीला मी भाकरी आणि दूध नेऊन दिलं. तिनं विचारलं, "आला का त्यो?" मी म्हणालो, आले. ती म्हणाली, "नीट बघा बरं."

सकाळी अण्णा अंथरुणात उठून बसले, भिंतीवरच्या आपल्याच तरुणपणीच्या फोटोकडं बराच वेळ पाहत राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, तुमच्या गावची माणसं चांगली हायेत. लई लांबून आलो मी. चालत."

आता संध्याकाळ झाली की ते टोपी घालतात, पिशवी घेतात आणि निघायला म्हणून ओट्यावर येऊन बसतात. घरी जायचं असतं त्यांना. पहिल्यांदा आम्ही समजावलं, घराच्या खुणा दाखवल्या, भांडलोही. मग बायको म्हणाली, "सोडून या ना त्यांना घरी." तेव्हापासून मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवतो, कच्च्या रस्त्यानं नाक्यापर्यंत नेतो, एक कटिंग चहा पाजतो आणि दुसऱ्या वाटेनं आणून आमच्याच फाटकाशी उतरवतो. बहुतेक वेळा ते दारातल्या कडुलिंबाकडं बघतात, "आलं," म्हणतात आणि आत जातात. त्या रात्री घर त्यांचं असतं.

परवा उतरल्यावर त्यांनी हँडलवर हात ठेवला. "चहा घेऊन जावा."

"नको, अण्णा."

"तुमच्या घरी कोण असतं?"

"वडील आहेत."

"मग जावा," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला वाट पाहायला लावू न्हाई."

आणि मी दिसेनासा होईपर्यंत ते फाटकात उभे होते, म्हणून मला खरंच जावं लागलं.