पिपलानीतला योसेफ

महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आम्ही महाराष्ट्र सोडला. नगरला बाबा सुतारकाम करायचे. शाळेची बाकं, कुणाचं टेबल, कुणाचा पलंग, असं मिळेल ते काम. भोपाळला मोठा सरकारी कारखाना उभा राहतोय आणि तिथे सुतारही घेतात असं कळलं, तेव्हा पत्र्याची एक पेटी आणि हत्यारांची पिशवी घेऊन ते एकटेच निघाले. सहा महिन्यांनी त्यांनी आईला, मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

पिपलानीत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पुढे ओटा, मागे अंगण, अंगणाच्या भिंतीपलीकडे काळ्या मातीचं उघडं रान. भोपाळ नुकतंच राजधानी झालं होतं, पण शहर तिकडे तलावाकाठी. आमच्याकडे रस्त्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळंच नवं. डावीकडे पंजाबी कुटुंब, उजवीकडे जुन्या भोपाळचे एक फोरमन आणि त्यांची म्हातारी आई. तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

आमच्यासारखी मराठी ख्रिस्ती घरं नऊ होती. चर्च नव्हतं. दर रविवारी आळीपाळीने कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये उपासना व्हायची. पेटी, तबला, टाळ आणि नगरकडची भजनं. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दोन-तीन महिन्यांतून एकदा बाहेरगावाहून यायचे, एरवी सगळं बघायचे ते कचेरीतले हेडक्लार्क. आम्ही त्यांना मोठे काका म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. कुणाचा अर्ज असो, कुणाचं गावाकडचं पत्र असो, रात्र झाली तरी लिहून द्यायचे. पण नियमाला फार पक्के.

दुसऱ्या वर्षी आईने ठरवलं, की नाताळात मुलांकडून आणि मोठ्यांकडून मिळून येशूजन्माचं नाटक बसवायचं. लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिला अशा कामाची हौस होती. सगळ्या तरुण पोरांना दुष्ट हेरोद राजा व्हायचं होतं, नाहीतर मुकुट घालून पूर्वेकडून येणारे मागी राजे. मरीयेचा नवरा योसेफ व्हायला कुणी तयार होईना, कारण योसेफाला बोलायला काहीच नव्हतं. मग आई बाबांना म्हणाली, "तुम्हीच उभे राहा. सुतार तर आहातच."

"आणि बोलायचं काय?"

"काही नाही. योसेफ सबंध कथेत एक शब्द बोलत नाही."

"मग जमेल," बाबा म्हणाले.

मरीयेसाठी आईने ज्या मुलीला निवडलं ती दवाखान्यात नर्स होती. आम्ही तिला ताई म्हणायचो. नगर जिल्ह्यातल्याच एका खेड्यातली, बावीस-तेवीस वर्षांची, आईवडील नसलेली. मामाने शिकवून नोकरीला लावलेली. दोन नर्सांबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहायची. तिचा आवाज असा होता, की ती भजन म्हणू लागली की पेटीवाला स्वतः वाजवायचा थांबायचा.

तालमी आमच्या मागच्या अंगणात संध्याकाळी होत. डिसेंबरचा पहिला आठवडा असेल. देवदूत निरोप सांगतो आणि मरीया उत्तर देते, तो प्रवेश चालला होता. ताईने तोंड उघडलं, आणि ती एकदम भिंतीचा आधार घेऊन खाली बसली. आईने तालीम थांबवली, मुलांना घरी पाठवलं, आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. मी तिथेच ताटात तांदूळ निवडत बसले होते. मला बाहेर जा म्हणायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

ताईला दिवस गेले होते. कारखान्यातला एक तरुण, लग्नाचं वचन देऊन परदेशी ट्रेनिंगला गेला होता. सुरुवातीला पत्रं आली. तिने ही बातमी कळवली आणि पत्रं थांबली.

आईने तिच्यासमोर भाकरी-भाजी वाढली. मग म्हणाली, "तू आधी खाऊन घे." मला वाटलं होतं, आई तिला जवळ घेईल. तिने घेतलं नाही.

बाबा कारखान्यातून आल्यावर आईने त्यांना सगळं सांगितलं. बाबा हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि त्यांनी इतकंच विचारलं, "पोरगी जेवली का?"

ही गोष्ट लपून राहणारी नव्हतीच. आठ दिवसांत नऊही घरांत पोहोचली. ताईच्या बरोबरच्या दोघींनी तिला खोली सोडायला सांगितलं. आणि रविवारी, उपासना आमच्याच घरी होती तेव्हा, ती आली नाही. शेवटची प्रार्थना झाल्यावर मोठ्या काकांनी पुरुषांना थांबवून घेतलं. आम्ही बायका आणि मुलं स्वयंपाकघराच्या दारात दाटीने उभी राहिलो.

काका म्हणाले, "मलाही वाईट वाटतं. पण आपल्याही घरात वाढत्या मुली आहेत. तिचं नाव मंडळीच्या यादीतून कमी करायचं आणि नाताळच्या सकाळी, सगळे जमले असताना, कारणासकट वाचून दाखवायचं. पुढे कुणाचं पाऊल घसरायला नको."

एकदोघांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "वाचायची काय गरज आहे?" पण दबक्या आवाजात, आणि काकांनी बघितल्यावर तोही गप्प बसला. मग काकांनी बाबांकडे पाहिलं. "तुमचं काय?"

बाबा उठले. खुंटीवरचा मफलर घेतला, सायकलची चावी घेतली.

"कुठे निघालात? चर्चा चालली आहे."

"मुलीला घेऊन येतो," बाबा म्हणाले. "तिचं सामान रस्त्यावर आहे."

आई त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली, आणि मी आईच्या मागे. आईचा चेहरा लाल झाला होता.

"मला न विचारता?" ती म्हणाली. "आपल्याला दोन मुली आहेत. उद्या त्यांना स्थळं येतील तेव्हा लोक काय म्हणतील, याचा विचार केलात?"

बाबांनी सायकल भिंतीला टेकवली. ते कमी बोलायचे, आणि बोलायचं झालं तर लाकूड तासल्यासारखं हळूहळू बोलायचे.

"रोज तालमीत नुसता उभा असतो मी," ते म्हणाले. "तू सगळ्यांना शिकवत असतेस आणि मी विचार करत असतो, की हा योसेफ नीतिमान होता असं का लिहिलंय? त्याला तर मरीया गरोदर आहे एवढंच कळलं होतं. मूल देवाचं आहे हे सांगणारा देवदूत अजून स्वप्नात यायचा होता. नियमाने त्याला चार लोकांत उभं करता आलं असतं तिला. त्याने ठरवलं, हिची बेअब्रू होऊ द्यायची नाही. आणि लिहिणारा त्यालाच नीतिमान म्हणतो. देवदूत आल्यावर नव्हे, आधीच."

आईने मागे वळून घराकडे पाहिलं.

"तू नको म्हणालीस तर मी तिला दुसरीकडे सोय करून देईन," बाबा म्हणाले. "पण रस्त्यावर ठेवणार नाही."

आई फाटकाच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "सायकलवर ट्रंक कशी आणाल? टांगा करा."

बाबा गेले. आई घरात आली आणि बसलेल्या पुरुषांसमोरून स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला बसली. थोड्या वेळाने मंडळी एकेक करून निघून गेली.

ताई आमच्या घरी राहायला आली. तिची ट्रंक आणि एक वळकटी टांग्यात, ती मागच्या बाजूला, आणि बाबा सायकलवरून टांग्याच्या बरोबरीने, अशी ती वरात भर दुपारी गल्लीतून आली. लोक ओट्यांवर येऊन बघत होते. मला तेव्हा लाज वाटली होती, हे खरं सांगायला हवं. मी आत पळाले. आज त्या दुपारइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

खाला मात्र संध्याकाळीच आल्या, हातात सुंठ-गुळाचा कढत काढा घेऊन. आईने अडखळत त्यांना सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच थांबवलं. ताईच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "बीबी मरियम को भी लोगों ने यही ताने दिए थे, बेटी. तू पी ले." ताई तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडली. खालांच्या धर्मातही मरीयेची कथा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या नाताळात काकांच्या घरी उपासना झाली. नाव वाचलं गेलं नाही. बाबा असे उठून गेल्यावर ते वाचायचं धाडस बहुधा कुणाला झालं नाही. नाटकातून मात्र पाच घरांनी आपली मुलं काढून घेतली. आईने तरीही ते बसवलं, आमच्याच अंगणात. मेंढपाळ दोनच उरले, त्यातला एक पंजाब्यांचा मुलगा, ज्याला मराठी येत नव्हतं. मरीया व्हायला ताईने साफ नकार दिला, म्हणून मी झाले. ती खालांच्या शेजारी बसून पडद्यामागची सगळी भजनं म्हणाली. बाबा माझ्या बाजूला धोतर-फेट्यात, गप्प उभे होते, आणि मला वाटत होतं, सगळं अंगण त्यांच्याकडेच बघतंय.

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने धावपळ करून ताईला रजा मिळवून दिली. मे महिन्यात, भोपाळच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, तिला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मोठ्या काकांच्या बायको मागच्या अंगणातून आल्या, पदराखाली डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. "ह्यांना सांगू नका," म्हणाल्या. काकांशी मिटायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर बाबांना उपासनेत कुणी बायबलवाचनाला उभं केलं नाही. बाबांनी त्याबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. ते दर रविवारी जायचे, मागे बसायचे. पुढे ताईला जबलपूरला नोकरी मिळाली आणि तिथे तिने मुलीला एकटीने वाढवलं, शिकवलं. ती मुलगी आज शिक्षिका आहे.

लोक ही गोष्ट ऐकतात तेव्हा बाबांबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला आईबद्दलही सांगायचं आहे, कारण बाबांना जे सोपं गेलं ते तिला अवघड गेलं होतं.

बाळ झालं त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता पाळक आले आणि बाळाचा बाप्तिस्मा ठरला. पलीकडच्या गल्लीतल्या एका रिकाम्या क्वार्टरमध्ये सगळे जमले होते. पाळकांनी विचारलं, "बाळाबरोबर जबाबदारीने कोण उभं राहणार?"

ताई खाली मान घालून उभी. खोलीत नुसती सतरंजी सरकल्याचा आवाज. मी बाबांकडे पाहिलं, कारण मला खात्री होती की तेच उठणार. ते गुडघ्यावर हात टेकून उठतही होते. पण आई आधीच पुढे पोहोचली होती.

"मी," ती म्हणाली. मग पाळकांनी न विचारताच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात ती म्हणाली, "ही आमच्या घरातली आहे. आई आणि बाळ, दोघीही."

बाप्तिस्मा झाल्यावर घरी जायला मागची बोळ जवळची होती, आणि पाऊस भुरभुरत होता. बाबा बोळीकडे वळले. आईने बाळाला पदराखाली घेतलं, त्याचं डोकं झाकलं, चेहरा उघडा ठेवला, आणि म्हणाली, "तिकडून कशाला? मोठ्या रस्त्याने जाऊ."

आणि ती पुढे चालू लागली.