कुणाच्याही गाडीचं चालेल असं चाक

लॅपटॉपवर ट्रकची ऑर्डर भरत आणली होती. इलेक्ट्रिक, रंग पांढरा, मागे बंद डबा. फक्त चाकांचं पान उरलं होतं, आणि त्या एका पानावर मी अडीच दिवस घालवले.

भूगावच्या एका मोठ्या लॉन्ड्रीत मी ऑपरेशन्स सांभाळते. मुळशी धरणाकडच्या रिसॉर्टांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आमच्याकडे धुवायला येतात. तिथलं सगळ्यात मोठं रिसॉर्ट आम्हाला नव्याने मिळत होतं. महिनाभर ट्रायल, आणि शनिवारी अकराच्या आत माल पोचलाच पाहिजे, कारण बाराला पाहुणे खोल्यांत शिरतात. एकदा जरी उशीर झाला तरी काम दुसऱ्याला. त्या कामाच्या भरवशावर आम्ही इस्त्रीला सहा बायका नव्या घेतल्या होत्या. "काम पक्कं आहे, बिनधास्त या," असं त्यांना मीच सांगून बसले होते.

तर चाकं. पहिला पर्याय साधा: पंधरा इंची स्टीलची रिम, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ते कडं, आणि सोबत स्टेपनी, म्हणजे जादा चाक. दुसरं 'इको पॅकेज'. सोळा इंची चकचकीत अलॉय, हलके टायर, मोठे ब्रेक. वजन वाचावं म्हणून स्टेपनी नाही, तिच्याऐवजी पंक्चर बुजवायची बाटली. एका चार्जमध्ये गाडी बारा किलोमीटर जास्त जाणार.

मी एक्सेल शीट केली. तीन रंगांत. आमची रोजची फेरी ऐंशी किलोमीटरची आणि साध्या चाकांवरही ट्रक शंभराच्या वर जाणार होता. मग ते जास्तीचे बारा किलोमीटर मी कुठे वापरणार होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. खरं सांगू? फोटोत ती चाकं झकास दिसत होती.

आमचे ड्रायव्हर हिरामणभाऊ पौडच्या पुढच्या गावचे. अकरा वर्षं आमच्याकडे आहेत. मी त्यांना कौतुकाने स्क्रीन दाखवली.

"साधंच घ्या म्याडम," ते म्हणाले. "असली चाकं हितं कुनाकडंच न्हाईत."

"आपल्याला कुणाकडे मागायची आहेत का?"

"मागायचीच अस्त्यात की."

मी हसले आणि ऑर्डर पाठवली. जुनं डिझेल पिकअप विकून टाकलं. त्याच्या फाईलवर 'निरुपयोगी' असा शेरा मारला, खाली झोकात सही.

ट्रायलचा तिसरा शनिवार. पावणेनऊला हिरामणभाऊंचा फोन आला. पौड सोडल्यावर समोरून बस आली म्हणून त्यांनी ट्रक कडेला घेतला, तिथे रस्त्याच्या कामाची खडी होती, पुढचा टायर बाजूने चिरला. मी रिक्षा करून धावले. बाटली ओतून झाली होती. ती बाटली खिळ्याचं भोक बुजवते. बोटभर चिरेतून सगळं औषध रस्त्यावर आलं होतं. कंपनीच्या हेल्पलाईनवरची मुलगी फार गोड बोलली. टायर मागवावा लागेल म्हणाली.

तेवढ्यात दुधाचे कॅन घेतलेलं एक पिकअप थांबलं. चालक उतरला, काही न विचारता स्वतःची स्टेपनी सोडवायला लागला. हिरामणभाऊंनी आमच्या चाकाकडे बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं आणि "आरारा" म्हणून स्टेपनी परत लावली. दहा मिनिटांनी कोंबड्यांचं पिकअप आलं. तोच प्रकार.

तेव्हा हिरामणभाऊंनी सांगितलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या रस्त्यावरच्या बहुतेक पिकअपना एकच चाक बसतं. पंक्चर झालं की मागून येणारा आपली स्टेपनी देतो, संध्याकाळी ती पौडच्या पंक्चरवाल्याकडे ठेवायची, ज्याची तो घेऊन जातो. साधी चाकं घेतली असती तर आमच्या ट्रकलाही तेच चाक बसलं असतं. पण माझ्या मोठ्या ब्रेकवर पंधरा इंची रिम चढतच नाही. अकरा वर्षं आमची गाडी याच चाकांवर चालली आणि मॅनेजरबाईंना पत्ता नाही! शरमेने मान वर होईना. सहा बायकांची तोंडं डोळ्यांसमोरून जाईनात.

दहा वाजता तिसरं पिकअप थांबलं. दारावर अर्धवट खरवडलेलं आमच्याच लॉन्ड्रीचं नाव. माझं निरुपयोगी पिकअप. घेणारा हिरामणभाऊंचा साडू निघाला. मागे जनावरांचा चारा खच्चून भरलेला.

"चारा उतरवू का?" त्याने मला नाही, हिरामणभाऊंना विचारलं. मला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

चारा रस्त्याच्या कडेला उतरवला, ताडपत्री अंथरली, प्लॅस्टिकबंद गठ्ठे चढवले. मी पुढे दोघांच्या मध्ये, गिअरचा दांडा गुडघ्याला लागत होता. अकराला पाच मिनिटं कमी असताना रिसॉर्टच्या मागच्या दारात पोचलो. तिथल्या हाऊसकीपिंगच्या बाईंनी गठ्ठे मोजले, एका गठ्ठ्यावरची गवताची काडी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ऑरगॅनिक आहे," मी म्हणाले. त्यांनी सही केली.

टायर यायला आठ दिवस लागले. तोवर माल साडूच्या पिकअपने गेला. आमचा ट्रक तिथेच कडेला विटांवर उभा होता आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढत होते, चाकं खरंच झकास दिसायची. ट्रायल पार पडली, सहाही बायका कामावर राहिल्या. त्यांना यातलं मी काहीच सांगितलं नाही.

पावसाळ्यानंतर दुसरा ट्रक घ्यायचा ठरला. चाकांचं पान आलं तशी मी लॅपटॉप हिरामणभाऊंपुढे सरकवला. त्यांना अर्धं मिनिट लागलं.

परवा बघते तर नव्या ट्रकखाली स्टेपनी नाही. तशीच धावत गेले. हिरामणभाऊ चहा पीत होते.

"दूधवाल्याला दिलीया," ते म्हणाले. "पौडात ठिवंल त्यो."

कोणता दूधवाला, ते मी विचारलं नाही.