काकूंचा एकटा हुंकार

ग्रंथालयातले संगणक सांभाळणाऱ्या काकू सहा वर्षं एका नियमाच्या मागे हात धुवून लागल्या होत्या. इंटरनेटचे असे नियम सरकार ठरवत असेल, अशी त्यांच्या यजमानांची समजूत. ते जगभरातली काकूंसारखी हौशी माणसं बिनपगारी ठरवतात, हे त्यांच्या पचनी पडायलाच चार वर्षं गेली.

नियम साधा होता: कमजोर नेटवर निरोप जिथं तुटला तिथूनच पुढे जावा, पुन्हा पहिल्यापासून नको. आज त्यांच्याच शहरात भरणाऱ्या या मंडळींच्या सभेत तो संमत झाला की त्यावर काकूंचं नाव लागणार होतं. पुढच्या महिन्यात निवृत्ती होती. त्याआधी हे व्हावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

निघता निघता थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्या शिलाईच्या दुकानातल्या जुनाट संगणकावर काकूंनी नियमाची चाचणी लावून ठेवली होती.

"अगं, दोऱ्याचा एक खोका मागवला, दोन आले. बघ जरा तुझं ते."

काकूंनी बसमध्येच नोंदी तपासल्या. मागणी पोचली होती, पण पोच परत येताना नेट गेलं, म्हणून तीच मागणी पुन्हा निघाली. खोट नियमातच होती.

या सभेत हात मोजत नाहीत. ज्यांना पटलं त्यांनी तोंड मिटून 'हूं' करायचं. शिवाय एकट्याचाही आक्षेप खरा निघाला, तर तो सोडवल्याशिवाय नियम पुढे सरकत नाही. येऊन बसायला कुणालाच मज्जाव नाही, म्हणून शेवटच्या रांगेत काकूंशेजारी यजमानही टेचात बसले होते.

"बाजूनं कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं. सभागृह घुमलं. यजमानांचा हुंकार सगळ्यांत खणखणीत.

"विरोधात?"

यजमानांच्या शेजारूनच एक बारीक हुंकार आला.

"कारण सांगाल?"

काकू उठल्या. दोन खोक्यांची हकिगत त्यांनी नीट सांगितली. लोक हसले, मग गंभीर झाले. नियम अडला. सभा संपताच पाचसहा जण कागद घेऊन काकूंभोवती जमले, आणि निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न तिथंच मिटला.

बाहेर पडताना यजमान म्हणाले, "सहा वर्षं खपलीस आणि आयत्या वेळी स्वतःच खोडा घातलास. गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"अहो, जाऊबाईंना कळलं असतं."