काकाने जाळं टाकलं नव्हतं

त्या दिग्दर्शकाचं नाव मी आता घेत नाही. घेतलं की तोंड कडू होतं. त्याहून चीड याची येते की त्याचं एखादं दृश्य अजूनही डोळ्यांपुढे येतं आणि मला ते आवडतं.

बारा वर्षं मी रत्नागिरीच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत सिनेमांवर लिहीत होतो. पोटापाण्याला सरकारी कचेरीतली कारकुनी, आणि उरलेला सगळा जीव या एका माणसावर. त्याचा सिनेमा इथल्या थिएटरातून दोन दिवसांत उतरायचा, म्हणून मी रजा टाकून एसटीने कोल्हापूर गाठायचो. दुसऱ्या कुणाच्या सिनेमात नटाच्या हातातलं घड्याळ बदललेलं दिसलं तरी मी पाव कॉलम त्याची सालटी काढायचो. याच्या सिनेमात आमच्या समुद्रातून सूर्य उगवला असता, तर मी त्याला प्रतीक म्हटलं असतं.

त्याला मासेमारीवर सिनेमा करायचा होता. माझं लिखाण त्याच्या वाचनात होतं, त्यामुळे फोन मला आला. मी महामार्गावर हातखंब्याच्या फाट्यापर्यंत त्याला आणायला गेलो, जसा काही जावईच येतोय. तिथून थेट मालगुंडच्या पुढे आमच्या वाडीत, माझ्या धाकट्या काकाकडे. काका तांडेल. होडी त्याची, आणि समुद्रावर शब्दही त्याचा.

काकाने त्याला मन मोकळं करून सांगितलं. फार वर्षांपूर्वी त्याच्या होडीवरचा एक तरणा खलाशी पाण्यात पडला. माणसाचा शोध चालू आहे तोवर जाळं पाण्यात जात नाही, ही आमच्याकडची रीत. काकाने दोन दिवस धंदा सोडून शोधलं. पोर मिळाला नाही. तेव्हापासून काकाची होडी किनाऱ्याला लागली की त्या पोराचा मासळीचा वाटा त्याच्या विधवा आईकडे पोचतो. ऐकताना दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. मी तर वितळलोच. मग त्याने शूटिंगला होडी मागितली, काकाने दिली. रंगवलेलं नाव तेवढं पुसायचं नाही, अशी अट काकाने स्वतःहून घातली. आपली होडी पडद्यावर लोकांनी ओळखावी, एवढीच हौस.

लोकांनी ओळखली. आख्खी वाडी थिएटरात दोन रांगा अडवून बसली होती, त्या पोराची म्हातारी आई काकाच्या शेजारी. पडद्यावर तीच होडी, तेच नाव. खलाशी पडतो. तांडेल एकदा पाण्याकडे बघतो, मग मासळीचा थवा आलाय हे बघतो, आणि जाळं टाकायला सांगतो. आमच्या रांगांत कुणी हललं नाही.

शेवटी आभारात माझं नाव आलं आणि माझी छाती फुगली. लाज वाटते, पण हेच घडलं. त्या फुगल्या छातीने मी रविवारी लिहिलं: मी याच वाडीतला आहे, म्हणून ठामपणे सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. माणसाच्या हावेबद्दल दोन परिच्छेद लिहिले ते वेगळेच.

पेपर वाडीत मोठ्याने वाचला गेला. मंगळवारी होडी लागली, काकाने वाटा पाठवला. टोपली तशीच परत आली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या कचेरीत आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"म्हातारी दार उघडत नाय," तो म्हणाला. "तू पेपरात लिव. मी जाळं टाकलं नव्हतं. येवढंच लिव."

मी काय म्हणालो असेन? "काका, ती कलाकृती आहे. परीक्षणात असं लिहीत नाहीत." माझ्या काकाला, ज्याने मला पोहायला शिकवलं, मी हे ऐकवलं. तो जिना उतरला.

संध्याकाळी मी दिग्दर्शकाला फोन केला. म्हटलं, निदान तुम्ही तरी जाहीर सांगा की तो प्रसंग रचलेला आहे. तो हसला. "अहो, खरं आहे असं तुम्हीच लिहिलंय. आम्ही तुमचं वाक्य पोस्टरवर घेतोय." इतका गोड आवाज होता की फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

पुढच्या रविवारी मी सगळं लिहिलं. काकाने जाळं टाकलं नव्हतं, मी खोटी साक्ष दिली होती, हेही लिहिलं. पेपर घेऊन म्हातारीकडे गेलो. ती पडवीत सुकी मासळी निवडत बसली होती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही मान वर केली नाही.

"मावशी, हे खरं आहे," मी म्हणालो.

"मागल्या ऐतवारीबी तू खरंच म्हनलावतास," ती म्हणाली. "तवा त्या सिनेमावाल्याचा व्हतास, आता काकाचा हायस. माज्या पोराला कुनी शोधलं का नाय, ता मी आता कुनाला इचारू?"