डोहाची तर्री

जगाकडून फक्त चांगल्याचीच अपेक्षा करणारा माझ्या थोरल्या साडूंसारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. शेलूबाजाराजवळ नदीकाठी त्यांचा भाजीचा मळा होता. वांग्याला कीड लागली की ते म्हणत, "किड्यालेबी चव समजते!" पण त्यांचा खरा जीव मळ्याखालच्या डोहात. तिथल्या मरळ माशांना लाह्या टाकून ते नावानिशी हाका मारत आणि पुढे त्याच नावानिशी ताटातही वाढत. "हा घ्या, म्हातारबा!" म्हणून तुकडा पडला की माझा घास अडखळे. अडखळे, थांबत मात्र नसे. जेवताना माझी भूतदया फार वेळ टिकत नाही.

मोटरी नव्यानेच सुरू झाल्या होत्या. ड्रायव्हर लोक डोहाच्या वरच्या अंगाला मोटरी धूत आणि जळकं तेल तिथेच ओतून देत. एकदा मी बायकोला घेऊन वाशिमहून मोटरीने उतरलो, तर साडूंनी मला पाणीही न विचारता काठावर नेलं. डोहावर रंगीत, चकचकीत तवंग पसरला होता.

"पाहा साडूभाऊ, डोहाले तर्री सुटली! मासे असे माजले का तेल अंगात मावून नाही राह्यलं!"

मी पडलो मास्तर. चष्मा पुसून गंभीरपणे मान डोलावली.

दुपारी माशाच्या पहिल्याच घासाला ओळख पटली. सकाळभर मी जिच्यात बसलो होतो, ती मोटर आता माझ्यात बसत होती. साडू स्वतः न जेवता माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कसा झाला?"

"फक्कड," मी म्हणालो, आणि भिडेखातर पुन्हा वाढून घेतलं. संध्याकाळी मी ढेकर दिला की बायको कंदील लांब सरकवत होती.

पुढच्या उन्हाळ्यात मरळी पोट वर करून तरंगल्या. साडूंनी एक उचलून हुंगली आणि तडक जाऊन ड्रायव्हरांपुढे हात जोडले.

"नदीत नाही तर काय तुमच्या मळ्यात वताव?" एक जण हसला.

"वता. वांग्यात वता. डोहात नोको."

ड्रायव्हरांनी खरंच तिथे ओतलं. वांग्याचे वाफे जळून गेले, पण मरळी काही परतल्या नाहीत.

शेवटचा भेटलो तेव्हा साडू काठावर लाह्या घेऊन बसले होते. "साडूभाऊ, त्या दिवशीचा मासा खरंच फक्कड झाला व्हता नं?"

"तशी चव पुन्हा कुठे लागली नाही," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं. ते खुलले, आणि माझा जीव गलबलला. त्यांनी पाण्यात मूठभर लाह्या टाकल्या. मग मीच, मास्तरकी विसरून, डोहाकडे तोंड करून हाक मारली, "म्हातारबा!"