मफलर लाल की हिरवा

आमचे हे जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले आणि आता जुन्या गेम मशीनच्या काचा दुरुस्त करतात. मशीनच्या वरच्या अंगाला असते ना, मागून दिवे लागले की उजळणारी चित्राची काच, ती. चित्र काचेच्या पाठीवर उलटं रंगवलेलं असतं आणि दिव्यांच्या उष्णतेनं त्याचे पोपडे सुटतात. बघायचं पुढून, करायचं मागून, एवढीच या कामाची मेख. माझ्याशी भांडतानाही यांची हीच पद्धत.

मध्यंतरी वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, एक काच घेऊन आल्या. माझे सासरे गेमचं दुकान चालवायचे, त्यातली ही शेवटची. चित्रात मोटारसायकलवर स्वार, आणि त्याच्या मफलरच्या जागी नुसती उघडी काच.

"मफलर हिरवा होता," वन्सं म्हणाल्या.

"लाल, ताई. चांगला लालभडक."

"अरे, रोज मी पुसायचे ती काच. मला सांगतोस?"

त्या गेल्यावर यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताईचं लक्षण ठीक नाही. आईचं असंच सुरू झालं होतं." सासूबाई शेवटी शेवटी पोटच्या मुलांना "कोण पाहिजे?" म्हणून विचारायच्या. वन्सं एकट्या राहतात. यांनी त्याच दिवशी वन्संसाठी डॉक्टरांची वेळ घेतली, अर्थात त्यांना न सांगता.

काम मात्र अडलं. शेवटी पाठीवर पारदर्शक रंगाचा फवारा मारायचा असतो, आणि तो वाळला की आतलं काही हलवता येत नाही. हे लाल कालवायचे, पुसून टाकायचे, हिरवा कालवायचे, तोही पुसायचे. मला विचारायचे, "तुला काय वाटतं?" मी ती काच जन्मात पहिल्यांदा बघत होते, मला काय वाटणार, कपाळ!

मग चौकट सोडवताना खाचेत हिरव्या जिलेटिन कागदाची चिंधी सापडली. मफलरच्या कडेनं जुना डिंकही होता. रंग पडला तेव्हा सासऱ्यांनी मागून कागद चिकटवला असणार.

"म्हणजे ताई बरोबर!" हे लहान मुलासारखे खूश झाले.

"आणि तुम्ही त्याच्या आधीचा लाल पाहिला असेल," मी म्हटलं.

"मी धाकटा. तिच्या आधीचं मी कसं पाहीन?" असं म्हणाले आणि जरा घुटमळले. मग लगेच फोन लावला. "ताई, तुझं डोकं शाबूत आहे."

"बिघडलं कधी होतं?" पलीकडून आवाज आला. मी पोट धरून हसले.

मफलर हिरवा झाला. रंग वाळल्यावर हे नाकाला फडकं बांधून गॅलरीत फवारा मारायला बसले. मी सहज डोकावले. काचेवरची अक्षरं मला सरळ वाचता येत होती, आणि ती ओली चमकत होती.

"अहो, ही पुढची बाजू."

त्यांनी काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खूप गोंधळलेले होते. "मग मागची कुठे गेली?"

मला रडू आलं, पण मी पातं आणलं. पुढचा लेप खरवडला की निघतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. काच साफ झाल्यावर डॉक्टरांकडे फोन केला. वेळ तीच राहू दिली, फक्त पेशंटचं नाव बदलायला सांगितलं.