चार वाजताची खाच

“साल वाचा ना साहेब, आधी साल वाचा!”

अशोक तांबे खुर्चीत बसायलाही तयार नव्हते. शिर्डीत त्यांचं फुलं-प्रसादाचं दुकान होतं आणि बरीच वर्षं ते जुनी नाणी जमवत होते. कुंकवाच्या रिकाम्या डबीतून, कापसात ठेवलेला एक रुपया त्यांनी माझ्या टेबलावर काढून ठेवला.

मी साल वाचलं. १९३९.

नाणी जमवणाऱ्यांना या सालाबद्दल काही सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा चांदीचा रुपया कुठल्याही सराफाकडे मिळून जातो. १९३९ चा मात्र लोकांच्या हातात फारच थोडा आला. एका आकड्याच्या फरकाने किंमत कुठल्या कुठे जाते. त्यामुळे नाण्यावरच्या इंग्रजी 8 चा 9 करून देणारे कारागीरही असतात. 8 च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढली की झाला 9.

“कितीला घेतलात?” मी विचारलं.

“स्कूटर दिली.”

“विकून?”

“विकून कशाला? स्कूटरच दिली. फिरता नाणेवाला होता. तो स्कूटरवर बसून गेला, मी चालत घरी आलो.”

हे नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं. मी आधी बँकेत सोनेतारणाचं काम पाहायचो. दागिना खरा का खोटा, किती टंचाचा, वजन किती, हे ठरवून सही करायची. पुढे नोकरी सोडली आणि नगरला घरातल्याच पुढच्या खोलीत नाण्यांच्या ग्रेडिंगचं काम सुरू केलं. ग्रेडिंग म्हणजे नाण्याची प्रकृती ठरवणं. नाणं अस्सल आहे का, किती झिजलंय, कोणी घासलंय का, कधी दागिन्यात अडकवलं होतं का, हे सगळं पाहून एक ग्रेड द्यायची आणि खाली सही करायची. पुण्याच्या एका लिलाववाल्यांचं काम माझ्याकडे असे. त्यांच्या कॅटलॉगमध्ये माझी ग्रेड छापली जायची आणि लोक नाणं न बघता, त्या दोन ओळींवर बोली लावायचे.

तांबे ज्या गाळ्यात भाड्याने दुकान चालवत होते, तो मालकाने विकायला काढला होता. हा रुपया लिलावात गेला, तर तो गाळा तांब्यांचा होणार होता. नाही गेला, तर दुसरा कोणी तो घेणार आणि तांब्यांना दारावरची पाटी उतरवावी लागणार. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी ते ऐकायला नको होतं. ग्रेडिंग करणाऱ्याने नाण्यामागची कहाणी ऐकू नये असा माझा नियम आहे, पण चहा येईपर्यंत माणूस बोलतोच.

मी वजन केलं. ११.५० ग्रॅम. नवा रुपया ११.६६ चा असतो, म्हणजे एवढ्या वापरलेल्या नाण्याला ठीक. मग दोऱ्याला बांधून पाण्यात वजन केलं. १०.३८. फरक १.१२. हवेतल्या वजनाला या फरकाने भागायचं. उत्तर १०.२७ आलं. चांगल्या चांदीच्या रुपयाचं उत्तर सव्वादहाच्या आसपासच येतं. पुढच्या सालापासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्या रुपयांचं साडेनऊच्या आसपास येतं.

आता साल भिंगाखाली घ्यायचं, तेवढ्यात वीज गेली.

“काय म्हणतोय रुपया?” तांब्यांनी विचारलं.

“चांदी बरोबर आहे,” मी म्हणालो.

माझी चूक इथे झाली. मी ‘चांदी बरोबर आहे’ म्हणालो आणि त्यांनी ‘रुपया बरोबर आहे’ असं ऐकलं. माझी पावती खिशात घालून ते एसटी पकडायला पळाले. दोनच दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांचा निरोप आला. गाळ्याचा विसार देऊन टाकला होता. दिवाळीपर्यंत बाकीची रक्कम भरायची, नाहीतर विसार बुडणार.

मधल्या काळात मी ते साल भिंगाखाली पाहिलं होतं आणि मला ते आवडलं नव्हतं.

रुपया भरपूर हाताळलेला होता. राजाच्या मुकुटाची टोकं सपाट, कान जवळजवळ गेलेला. मागच्या बाजूची अक्षरं कडांना गोल झालेली. १, ९, ३ हे आकडेही तसेच म्हातारे. शेवटचा ९ मात्र आतल्या कडेला तरुण होता. त्याच्या डावीकडची जागा उरलेल्या पृष्ठभागापेक्षा किंचित गुळगुळीत वाटत होती. वाटत होती एवढंच, कारण नेमका तिथेच काळा मळ घट्ट बसला होता. ग्राहकाचं नाणं धुवायची मला परवानगी नसते. शंका होती, पण पुरावा नव्हता.

पुण्याहून लिलाववाल्या मालकांचा फोन आला, तोही शेजाऱ्यांकडेच.

“साळवे, शुक्रवारी कॅटलॉग प्रेसला जातंय. थर्टी नाईनचं काय झालं? अर्धं पान ठेवलंय मी त्याला.”

“साल संशयास्पद आहे.”

“संशयास्पद म्हणजे खोटं का?”

“अजून सांगता येत नाही.”

“मग ‘व्हेरी फाइन’ टाका, खाली ‘अ‍ॅज रिसीव्ह्ड’ लिहू, म्हणजे जसं आलं तसं. घेणारा बघून घेईल.”

“घेणारा नाणं बघत नाही, माझी सही बघतो.”

“तुमचं हे बँकेतलं काही जात नाही बघा,” ते म्हणाले. “गुरुवारी संध्याकाळपर्यंत देतो वेळ.”

मी पुन्हा रुपया हातात घेतला. या वेळी काठ पाहिला. रुपयाच्या काठावर बारीक उभ्या रेघा असतात. त्यात एका ठिकाणी तीन रेघा मुद्दाम घासून खाच केली होती. राजाचं डोकं वर धरून नाण्याला घड्याळ समजलं, तर बरोबर चार वाजता. नजरेला पटकन दिसत नव्हती, नखाला लागत होती. आणि माझ्या नखाला ती खाच ओळखीची वाटली.

मी हातात आलेल्या प्रत्येक नाण्याची नोंद ठेवतो. काम असो वा नसो. आमच्या सौ. म्हणतात, लग्नात आहेर आलेल्या भांड्यांचंही वजन तुम्ही लिहून ठेवलंत. ते खरं आहे. मी जुनी रजिस्टरं काढली. दुसऱ्याच रजिस्टरमध्ये ओळ सापडली:

‘रुपया, १९३८. ११.५२ ग्रॅम. काठावर चारला खाच. सोपानतात्या, काष्टी. विसाराचा. विकाऊ नाही.’

तीन वर्षांपूर्वी मेहुण्याला गाय घ्यायची होती, म्हणून मी त्याच्याबरोबर काष्टीच्या बाजारात गेलो होतो. सोपानतात्या तिथले जुने दलाल. जनावराचा भाव तिथे तोंडाने बोलत नाहीत. दलाल घेणाऱ्याचा हात रुमालाखाली धरतो आणि बोटांनी आकडा सांगतो. भाव ठरला की तात्या स्वतःच्या खिशातला एक चांदीचा रुपया घेणाऱ्याच्या हाताने देणाऱ्याच्या हातावर ठेवत. हा विसार. व्यवहार पुरा झाला की रुपया तात्यांकडे परत. घेणाराच फिरला, तर रुपया देणाऱ्याचा. वजनकाटा माझ्या पिशवीत कायम असतो. मी तो रुपया तिथेच तोलून घेतला होता.

आता वजनात दोन शतांशांचा फरक होता. तीन वर्षांची झीज आणि थोडं कोरकाम यांत तो बसत होता. तरीही मी थांबलो. खाच योगायोगाने असू शकते. तात्यांचा रुपया तात्यांकडेच असेल, तर हा वेगळा, आणि मग मला माझी शंका पुन्हा तपासावी लागणार. मी तांब्यांना बोलावून घेतलं.

“खाच काय, कुठल्याही रुपयाला असेल!” ते चिडले. “तुम्हीच म्हणालात, बरोबर आहे.”

“चांदी म्हणालो होतो. पण अर्धवट बोललो, ती माझी चूक. म्हणून एसटीचं तिकीट माझ्याकडून.”

बाजाराच्या दिवशी आम्ही काष्टीला पोहोचलो. तात्या लिंबाखाली बसले होते, खांद्यावर रुमाल.

“तात्या, तुमचा विसाराचा रुपया आहे का?” मी विचारलं.

“गेला की वो. दोन वरसं झाली. येक गिऱ्हाईक बैल ठरवून फिरलं. मग रुपया बैलवाल्याचा झाला. रीत हाय ती, मागायचा न्हाई. लई वाईट वाटलं, पन न्हाई मागितला.”

तांबे माझ्याकडे बघेनात.

मी घरून आणखी पाच रुपये आणले होते, सगळे त्याच राजाचे, तेवढेच झिजलेले. सहाही एकत्र करून मी ते रुमालाखाली तात्यांच्या हातात दिले. “न बघता सांगा, यात तुमचा आहे का.”

“परीक्षा घेता व्हय माझी?” तात्या हसले. रुमाल हलला. एकेक रुपया बाहेर पडू लागला. “ह्यो न्हाई. ह्यो न्हाई. ह्यो तर कुनीतरी चिचंनं घासलाय.” चौथा, पाचवा. मग हात थांबला.

“ह्यो माझा.”

“कशावरून?”

“बानं कानसीनं खाच पाडल्याली. संध्याकाळी परत येनारा रुपया आपलाच हाय का, ते कळाया.”

“साल कोणतं?”

“आडतीस. बाच्या लग्नाचं साल. म्हनून तर त्यो रुपया धरला हुता त्यानं.”

“आता बघा.”

तात्यांनी रुमाल बाजूला केला, रुपया लांब धरला, मग जवळ धरला.

“ह्ये कुनी केलं? माझ्या बाच्या लग्नाचं साल बदाललं की वो साहेब.”

तांबे तिथेच दगडावर बसले. “स्कूटर गेली,” ते म्हणाले. मग म्हणाले, “आणि गाळापण.”

त्यांना द्यायला माझ्याकडे फक्त प्रमाणपत्र होतं आणि ते काय असणार हे तिघांनाही कळलं होतं. तात्यांनीच सुरुवात केली.

“तांबेशेठ, रुपया तुमचा हाय. तुमी मोजून घेतलाय. पन माझा बी हाय. द्या हात.”

“खोट्या नाण्याचं काय मागू मी?” तांबे म्हणाले.

“खोटा कसा? चांदी खरी, खाच खरी. येक आकडा तेवढा लबाड हाय. द्या म्हनतो ना हात.”

तांब्यांनी हात दिला. रुमाल पडला. तात्यांची बोटं हलली, तांब्यांनी मान हलवली. पुन्हा बोटं हलली. या वेळी तांबे एकदम तात्यांच्या तोंडाकडे बघायला लागले आणि म्हणाले, “एवढं नको, तात्या.”

“गप बसा. देनाऱ्यानं कमी कर म्हनायचं, आसा बाजार न्हाई माझा.”

सौदा झाला. मी पेन काढलं. “कितीला ठरला? रजिस्टरमध्ये लिहायचं होतं.”

दोघंही हसले. ज्यांची तासाभरापूर्वी ओळखही नव्हती, ते दोघं माझ्यावर मिळून हसले.

“साहेब,” तात्या म्हणाले, “रुमालाखालचं भाईर सांगत न्हाईत.”

परत येताना एसटीत तांब्यांनी विचारलं, “माझ्याकडे अजून एकेचाळीस नाणी आहेत. साधीच आहेत. त्यांचं काही होईल?” मी म्हटलं, तपासल्याशिवाय एक शब्दही बोलणार नाही. त्यावर ते हसले. त्या दिवसात दुसऱ्यांदा.

गुरुवारी संध्याकाळी मी पुण्याला कळवलं: मूळ साल १९३८, शेवटचा आकडा कोरून बदललेला, ग्रेड नाही, नाणं परत. मालक थोडे कुरकुरले. रिकाम्या अर्ध्या पानावर, तांब्यांनी दरम्यान आणून दिलेल्या एकेचाळीसपैकी सव्वीस नाणी बसली. सगळ्यांची ग्रेड मी दिली होती आणि एकही नाणं परत आलं नाही. त्यातून गाळ्याचे सगळे पैसे उभे राहिले नाहीत, पण ती रक्कम आणि तात्यांची घेऊन तांबे गाळ्याच्या मालकाकडे गेले, तेव्हा तो होळीपर्यंत थांबायला तयार झाला. उरलेले पैसे तांब्यांनी दुकानाच्या कमाईतून भरले आणि होळीच्या आधी गाळा त्यांच्या नावावर झाला. स्कूटर परत आली नाही. फिरता नाणेवाला तर नाहीच.

मी तात्यांसाठी एक प्रमाणपत्र तयार करून पाठवलं होतं, साल कसं बदललंय ते लिहून. पुढे मेहुण्याला दुसरी गाय घ्यायची वेळ आली, तेव्हा ते मला तात्यांच्या चुन्याच्या डबीला गुंडाळलेलं दिसलं. “बाजारात साल कोन बघतंय?” ते म्हणाले. “आंगठा खाच बघतो.” मेहुण्याच्या गायीचा विसार त्याच रुपयाने झाला आणि संध्याकाळी रुपया त्यांच्या खिशात परत गेला.

माझ्या रजिस्टरमध्ये आज या रुपयाच्या दोन नोंदी आहेत. वजन, काठ, साल, शेरा, सगळं भरलेलं आहे. दुसऱ्या नोंदीत किमतीचा रकाना तेवढा कोरा आहे, आणि इतक्या वर्षांच्या कामात माझा कोरा राहिलेला रकाना तो एकच. त्याच्या शेजारी मी माझ्यापुरती एक सूचना लिहून ठेवली आहे: तपासणी पुरी होईपर्यंत ग्राहकाला चहा द्यावा, निकाल देऊ नये.